खेळखोल्या

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात स्टॅनफर्ड विद्यापीठ आहे. विद्यापीठ म्हणजे मोठ्यांची शाळा. पण या विद्यापीठाची एक बालवाडीही आहे! तिचे नाव बिंग नर्सरी स्कूल. ती १९६६ साली सुरू झाली.

तेथे मोठे अंगण आहे. शिवाय काही लहान खोल्या आहेत. त्या खेळखोल्या. मुले कसा विचार करतात, कशी वागतात, हे पाहण्यासाठी संशोधक येथे येतात. संशोधक अनेक, खोल्या मात्र त्याच. म्हणून प्रत्येकाला आपली पाळी सांभाळावी लागते.

संशोधक आल्याबरोबर मुलाला खोलीत नेत नाहीत. आधी वर्गात मुलांशी खेळतात. ओळख झाली, की विचारतात, "माझ्याबरोबर खेळायला येशील का?" मूल नको म्हणाले, तर नेत नाहीत.

१९७० च्या सुमारास वॉल्टर मिशेल यांनी येथे एक गमतीचा प्रयोग केला. मुले चार-पाच वर्षांची होती. मुलापुढे खाऊ आणि घंटी ठेवत. त्याला सांगत, "मी बाहेर जातो. घंटी वाजवलीस, तर लगेच येईन. पण एकच खाऊ मिळेल. मी येईपर्यंत वाट पाहिलीस, तर दोन मिळतील."

एकटे बसून वाट पाहणे सोपे का असते? कोणी डोळे झाकले. कोणी गाणे म्हटले. एक मूल तर चक्क झोपी गेले! खाऊ झाकून ठेवला, की मुले अधिक वेळ थांबत, असे मिशेल यांना दिसले.

आणि ज्याने लगेच घंटी वाजवली, त्याचे काय? त्यालाही एक खाऊ मिळे. खेळखोलीत कोणी नापास होत नसे.