थेंबाथेंबाने लिहिलेला लेख

रावेर परिसरातील केळीच्या बागेत ठिबक सिंचन तुम्ही पाहिले असेल. समजा, एका ड्रिपरमधून ताशी ४ लिटर पाणी पडते. म्हणजे सेकंदाला जेमतेम १ घनसेंटिमीटर! तरी ३ तासांत १२ लिटर पाणी मुळांपाशी मुरते. तेच पाणी बादलीने एकदम ओतले तर? जमिनीची पाणी शोषण्याची एक गती असते. पाणी त्याहून वेगाने आले की जादा पाणी वरून वाहून जाते.

लेखनाचेही असेच आहे. मराठी विकिपीडिया हा ज्ञानकोश १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यात आपल्या गावाविषयी तुम्हीही लिहू शकता. पुष्कळ जण एखाद्या रविवारी बसून सारा लेख पुरा करू पाहतात. मग घाईत कुठला तरी मजकूर जसाच्या तसा उतरवला जातो. असा उतारा तेथून काढून टाकतात. ऐकीव चूक मात्र कधी कधी तशीच राहते आणि ती वाचून दुसरा विद्यार्थी आपल्या वहीत उतरवतो.

आता एक हिशेब करू. रोज २० मिनिटांत ५० शब्द लिहिले, तर आठवड्याचे ५ दिवस धरून ८ आठवड्यांत २,००० शब्द होतात. एकूण वेळ फक्त १३ तास २० मिनिटे. त्यासाठी तीन गोष्टी पाळा.

पहिली : एका दिवशी एकच प्रश्न. ‘रावेर तालुका’ हा विषय २० मिनिटांत मावत नाही. ‘रावेर स्थानक कोणत्या लोहमार्गावर आहे?’ हा मावतो. उत्तर (भुसावळ-खंडवा) शोधा, ते कोठे मिळाले त्याचा संदर्भ टिपा आणि मग स्वतःच्या शब्दांत लिहा.

दुसरी : आधी धूळपाटीवर लिहा. पूर्वी मुले पाटीवर धूळ पसरून अक्षरे गिरवीत. विकिपीडियावरील सरावाच्या पानालाही हेच नाव आहे. तेथे चुकण्याची भीती नाही.

तिसरी : उठण्यापूर्वी उद्याचा प्रश्न लिहून ठेवा. क्षार साचले की ड्रिपर तुंबतो; लेखन बहुधा ‘आज काय लिहू?’ येथेच तुंबते.

शिक्षकांना यातून एक चांगला प्रयोग करून घेता येईल. प्रत्येक लेखाच्या ‘इतिहास’ पानावर दर बदलाची तारीख आणि लेखाचा आकार नोंदलेला असतो. क्ष-अक्षावर दिवस व य-अक्षावर आकार घेऊन आलेख काढा. रेषा आडवी झाली तेथे काम थांबले. कधी ती खालीही येईल. चुकीचे वाक्य सापडून ते खोडले असेल, तर ती पीछेहाट नव्हे. ते त्या दिवसाचे कामच आहे.

वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचे काम चालले. त्याचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. एवढा मोठा ग्रंथ, पण तोही एकेका नोंदीनेच उभा राहिला.

तर आजचा प्रश्न असा : तुमच्या गावाजवळची नदी पुढे कोठे मिळते? उत्तर शोधा, आणि ते कोणत्या पुस्तकात किंवा नकाशात सापडले तेही लिहा.