वाटेवरची सुरक्षितता आणि घरातले ऐकणे

सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्यप्रदेशच्या सीमेलगत वसलेले शेंदूरजनाघाट हे वरूड तालुक्यातील गाव संत्र्याच्या बागांसाठी आणि कलमांच्या रोपवाटिकांसाठी सर्वदूर परिचित आहे. या उद्योगाचा मोठा भार स्त्रियांच्या श्रमावर उभा आहे. रोपवाटिकेतील निंदण, पिशव्या भरणे, तोडलेल्या फळांची प्रतवारी ही कामे बहुतांशी त्याच करतात. आंबिया बहाराचा तोडा ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतो. दिवस लहान झालेला असतो, आणि मजूर बायका बगीच्यातून गावात परततात तेव्हा पांदणीवर अंधार पडलेला असतो. त्याच सुमारास वरूडला शिकावयास जाणाऱ्या मुली एस. टी.ने परत येत असतात. स्त्रियांच्या सुरक्षिततेचा विचार महानगरातील रात्रीच्या रस्त्यांपुरताच करण्याची सवय आपल्याला जडली आहे. प्रत्यक्षात हा प्रश्न अशा रोजच्या येण्याजाण्याचा आहे.

प्रथम एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. समजा, बसथांब्यावर कोणी एक इसम अकरावीतील मुलीची रोज वाट अडवितो. मुलीने ही गोष्ट घरी सांगितली तर काय होते? पुष्कळ घरांत त्या इसमाचा बंदोबस्त करण्याऐवजी मुलीचे जाणेच बंद केले जाते, आणि लगोलग स्थळे पाहण्यास सुरुवात होते. हे मुलीला आधीच ठाऊक असते. म्हणून ती सांगत नाही, आणि ती सांगणार नाही हे त्या इसमालाही ठाऊक असते. बारावीपर्यंतच्या विद्यार्थिनींना एस. टी.चा प्रवास विनामूल्य आहे आणि मार्च २०२३ पासून सर्वच स्त्रियांना निम्मे भाडे पडते. तथापि घरात बोलण्याची सोय नसेल तर या सवलती तिकिटापुरत्याच राहतात. प्रस्तुत लेखकाच्या मते सुरक्षिततेचा पहिला उपाय घरच्या उंबरठ्याच्या आत आहे. ‘तू सांगितलेस म्हणून तुझे शिक्षण थांबणार नाही’, हे आईवडिलांनी प्रसंग येण्यापूर्वीच मुलीला स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे.

न बोलण्याचा अर्थ न्यायालयातही कसा विपरीत लावला गेला, याचे उदाहरण विदर्भातीलच आहे. १९७२ साली तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये दोषी ठरविले, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष मुक्त केले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केल्याचे दिसत नाही, हे मुद्दे त्या निकालात निर्णायक ठरले. १९७९ मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर चळवळ झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पुढे २०१३ पासून कायद्यात स्पष्टच म्हटले आहे की, केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून स्त्रीची संमती गृहीत धरता येणार नाही. भारतीय न्याय संहितेतही ही तरतूद कायम आहे. तरीही ‘मग तू ओरडली का नाहीस?’ हा प्रश्न अजून घरोघर विचारला जातो. भयाने माणसाची वाचा बसते, हे आपण साप दिसल्यावर मान्य करतो. येथेच का करीत नाही, कोण जाणे.

याचा अर्थ ओरडू नये असा नाही. ओरडणे, गर्दीच्या दिशेने धावणे, जवळच्या दुकानात किंवा घरात शिरणे हे उपाय हातातील कोणत्याही वस्तूपेक्षा अधिक उपयोगी पडतात. तिखटाची पूड जवळ बाळगण्याचा सल्ला अनेक पत्रकांत असतो. वारा उलटा असेल तर ती आपल्याच डोळ्यांत जाते, हे मात्र कोणी लिहीत नाही. मुलींना व्यायामाची व स्वसंरक्षणाची तालीम अवश्य द्यावी. १९१४ पासून कार्य करणाऱ्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या अमरावती जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. तालमीचा खरा लाभ हा की, अंगात धीटपणा येतो आणि प्रसंगी पाय थिजत नाहीत. कायदाही तिच्या बाजूस उभा आहे. आवश्यक तेवढे बळ वापरून स्वतःचा बचाव करण्याचा अधिकार प्रत्येकास असून, बलात्काराच्या किंवा आम्ल फेकण्याच्या हेतूने झालेल्या हल्ल्यात हल्लेखोराचा मृत्यू ओढवला तरी तो बचाव कायदेशीर ठरू शकतो.

मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. कुलूप लावलेल्या मोबाईलवरूनही तो लावता येतो. येथे एक स्थानिक अडचण ध्यानात घ्यावी. या क्रमांकावरील दूरध्वनी नवी मुंबई किंवा नागपूर येथील केंद्रात घेतला जातो. तेथील कर्मचाऱ्यास केवळ ‘शेंदूरजना’ म्हटल्याने बोध होईलच असे नाही, कारण तिवसा तालुक्यात शेंदूरजना बाजार आहे आणि वाशीम जिल्ह्यात शेंदूरजना आढाव आहे. वरूडजवळचे तिवसाघाट आणि तालुक्याचे ठिकाण असलेले तिवसा यांचाही असाच घोळ होतो. म्हणून तालुका, गाव आणि जवळची खूण या क्रमाने पत्ता सांगण्याचा सराव शिक्षकांनी वर्गात करून घ्यावा. पाच मिनिटांचे काम आहे. स्त्रियांसाठी १८१ आणि बालकांसाठी १०९८ हे क्रमांकही मुलींना पाठ असावेत.

सीमेवरील गावांना आणखी एक प्रश्न भेडसावतो. प्रसंग पांढुर्ण्याच्या रस्त्यावर, म्हणजे मध्यप्रदेशाच्या हद्दीत घडला आणि स्त्री घरी शेंदूरजनाघाटला पोहोचली, तर तक्रार कोठे द्यावयाची? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या पोलीस ठाण्यात घ्यावीच लागते. नंतर ती योग्य ठाण्याकडे पाठविली जाते. लैंगिक गुन्ह्यांत पीडित स्त्रीचे निवेदन महिला अधिकाऱ्याने नोंदवावयाचे असते. साक्षीदार म्हणून चौकशी करावयाची झाल्यास स्त्रीला ठाण्यावर बोलावता येत नाही, ती तिच्या निवासस्थानीच करावी लागते. स्त्रियांवरील गंभीर गुन्ह्यांची खबर न नोंदविणाऱ्या लोकसेवकास किमान सहा महिन्यांची सक्तमजुरी सांगितलेली आहे. ‘हद्द आमची नाही’ हे उत्तर मिळाल्यास पंचायत सदस्यांनी त्या स्त्रीसोबत ठाण्यात जावे आणि या कलमाची आठवण करून द्यावी.

बगीच्यातील मजूर स्त्रीची स्थिती अधिक नाजूक असते. त्रास देणारा मुकादमच असेल तर बोलणे म्हणजे उद्याची रोजी गमावणे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा केवळ कचेऱ्यांसाठी आहे, हा समज चुकीचा आहे. असंघटित क्षेत्रातील कामाची जागा त्यात येते. एवढेच नव्हे, तर मालकाने ने-आण करण्यासाठी पुरविलेले वाहनही येते. दहापेक्षा कमी मजूर असतील तेथील, किंवा प्रत्यक्ष मालकाविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत करावयाची असते, आणि स्त्रीला लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून देण्यास साहाय्य करणे हे समितीचे कर्तव्य आहे. तालुक्यासाठी समन्वय अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. त्या अधिकाऱ्याचे नाव ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्यास काहीच खर्च येत नाही.

शाळांच्या बाबतीत राज्यात २०२२ पासून सखी सावित्री समित्या स्थापण्यात आल्या आहेत. त्या कागदावर राहू नयेत याची काळजी मुख्याध्यापकांनी घ्यावी. अठरा वर्षांखालील बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळूनही पोलिसांना न कळविणे हा २०१२ च्या कायद्याने गुन्हा आहे. शाळेची अब्रू जाईल म्हणून प्रकरण आपसात मिटविणारा मुख्याध्यापक स्वतःच शिक्षेस पात्र होतो. मुलीचे नाव गुप्त राखणे मात्र तितकेच बंधनकारक आहे, आणि गावात तेच अधिक कठीण असते.

गावातील दिवाबत्ती हे ग्रामपंचायतीचे काम आहे. शेंदूरजनाघाटसारख्या ठिकाणी ते नगरपरिषदेकडे येते. कोणत्या खांबावर दिवा नाही, कोणत्या वळणावर टवाळ पोरे बसतात, संध्याकाळची बस न आल्यास मुली किती वेळ थांबतात, ही माहिती कचेरीतील कागदांत नसते. ती बायकांजवळ असते. प्रत्येक ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. ती केवळ सह्यांपुरती न उरकता, तिच्यात ही यादी करून घ्यावी, दिव्यांचा विषय ग्रामसभेपुढे ठेवावा आणि बसच्या वेळेचा विषय वरूड आगाराकडे लेखी पाठवावा. आंबिया बहाराचा तोडा सुरू होण्यापूर्वीची ग्रामसभा २ ऑक्टोबरची असते. तेव्हा महिलांची सभा सप्टेंबरअखेर झाली, तरच नोव्हेंबरच्या अंधारापूर्वी पांदणीच्या तोंडावर दिवा लागू शकेल.