व्याण्यापूर्वीचे साठ दिवस

गाय व्याली की घरधन्याचे सारे लक्ष दुधाच्या चरवीकडे लागते. परंतु त्या वेतात किती दूध मिळणार, याचा बराचसा निर्णय गाय व्याण्यापूर्वीच झालेला असतो. आटलेल्या गायीला चांगला चारा कशाला, ही समजूत म्हणूनच महागात पडते.

प्रतिकारशक्ती का घटते?

व्याण्याच्या सुमारे दोन आठवडे आधीपासून पुढील दोन-तीन आठवड्यांपर्यंत गायीच्या रक्तातील पांढऱ्या पेशींची रोगजंतू मारण्याची क्षमता मंदावते. प्रसूतीसमयी वाढणारी संप्रेरके, चिकासाठी रक्तातून ओढले जाणारे कॅल्शियम आणि भूक मंदावल्याने पडणारी ऊर्जेची तूट ही त्याची प्रमुख कारणे होत. कासदाह, वार अडकणे, गर्भाशयाचा दाह हे विकार याच सुमारास अधिक आढळतात. कासदाह बळावल्यास कासेचा एक कप्पाच कायमचा निकामी होऊ शकतो. एका गायीवर चालणाऱ्या संसाराला हा मोठाच फटका होय.

ओहायोतील प्रयोग

अमेरिकेतील ओहायो राज्यात केलेल्या व १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आटलेल्या गायींना रोज सुमारे १,००० एकक ई जीवनसत्त्व देण्यात आले. त्यांच्यात कासदाहाचे प्रमाण ३७ टक्क्यांनी घटले. ज्या गायींना याखेरीज सेलेनियम या खनिजाचे इंजेक्शन दिले होते, त्यांच्यात आजाराची लक्षणे टिकण्याचा काळ ६२ टक्क्यांनी कमी झाला. जंतू मारताना पांढऱ्या पेशी जी दाहक द्रव्ये निर्माण करतात, त्यांपासून खुद्द त्या पेशींचे रक्षण हे दोन घटक करतात.

ई जीवनसत्त्व हिरव्या चाऱ्यात विपुल असते. चारा वाळला की ते घटत जाते. ऐन उन्हाळ्यात केवळ कडब्यावर राहिलेली गाभण गाय म्हणूनच अधिक धोक्यात असते. सेलेनियमची मात्रा मात्र थोडी वाढली तरी विषारी ठरते. ते पशुवैद्यकाच्या सल्ल्याविना देऊ नये.

काय करावे?

गायीचा गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा असतो. रेतनाची तारीख लिहून ठेवल्यास सात महिने पूर्ण होताच गाय आटवता येते व कासेला सुमारे साठ दिवसांची विश्रांती मिळते. या काळात थोडा तरी हिरवा चारा, क्षार मिश्रण आणि कोरडी, स्वच्छ जागा द्यावी. अखेरच्या तीन आठवड्यांत खुराक हळूहळू वाढवावा. आटवताना कासेत सोडावयाचे औषध व लसीकरणाची वेळ पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावी. आईची रोगप्रतिबंधक द्रव्ये वासराला गर्भात मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळतात. म्हणून जन्मानंतर तासा-दोन तासांत वासराला चीक पाजावा.

ग्रामपंचायतीने गावातील गाभण गायींची तारीखवार नोंद ठेवली आणि शिक्षकांनी ही साधी आकडेमोड मुलांना शिकवली, तर हे ज्ञान गोठ्यापर्यंत सहज पोहोचेल. आटलेल्या गायीची निगा हीच पुढील वेताच्या दुधाची पेरणी होय.