अहवाललेखन : सहलीची भाषा आणि सेवेची भाषा

स्वयंसेवी मंडळाचा वार्षिक अहवाल हा व्यावहारिक मराठीचा लक्षपूर्वक वाचण्याजोगा नमुना आहे. सांगलीलगतच्या माधवनगरसारख्या गावातील एखाद्या मंडळाचा अहवाल कल्पून पाहा. सहलीच्या वृत्तांतात 'आम्ही सर्वजण औदुंबरला गेलो, कृष्णाकाठी जेवलो' असा कर्तरी प्रयोग सहज येतो. सेवाकार्याकडे वळताच वाक्याची घडण बदलते : 'गरजूंना धान्याचे वाटप करण्यात आले.' येथे कर्ता लुप्त झाला आणि घेणारी माणसे 'गरजू' या एका विशेषणात विरून गेली. ही विनयाची खूण मानली जाते. प्रस्तुत लेखकाला मात्र ती अंतराची खूण वाटते.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांवर पोहोचले, तेव्हा हे अंतर टिकणे कठीण होते. स्वतःचे घर पाण्यात असलेला कार्यकर्ता शेजाऱ्यासाठी भाकरी बांधत असेल, तर त्याला 'पूरग्रस्त' म्हणावे की 'स्वयंसेवक'? 'श्रमदान' या तत्पुरुष समासात ही अडचण येत नाही. गावाच्या बंधाऱ्यासाठी राबणारा त्या पाण्याचा वाटेकरीही असतो.

स्वाध्याय : वाटपाचे वरील वाक्य देणारा व घेणारा दोघेही स्पष्ट दिसतील अशा रीतीने पुन्हा लिहा.