केबलची तार आणि तिचे सांधे

मृगाचा पहिला पाऊस झाला की यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा अशा आमच्या जिल्ह्यातील गावी पुष्कळ घरांत एक तक्रार ऐकू येते. टीव्हीवरील चित्राच्या चौकोनी ठिकऱ्या होतात, आवाज मध्येच तुटतो. वडीलधारी मंडळी म्हणतात, संच जुना झाला. मुले म्हणतात, सेट-टॉप बॉक्स बिघडला. परंतु नव्या वस्तूवर पैसा खर्च करण्यापूर्वी तारेचे सांधे तपासावेत, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

ही तार साधी नव्हे. मधोमध तांब्याची किंवा तांब्याचा मुलामा दिलेली तार, तिच्याभोवती पांढरे विद्युत्‌रोधक वेष्टन, त्यावर धातूचा पातळ पत्रा व बारीक तारांची जाळी, आणि सर्वांवर प्लॅस्टिकचे आवरण. आतील तार व जाळी यांचा अक्ष एकच असतो, म्हणून तिला समाक्ष तार किंवा कोॲक्सियल केबल म्हणतात. ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८० साली अशा तारेचे पेटंट घेतले. संदेश मधली तार व जाळी यांच्या दरम्यान वाहतो, आणि जाळी बाहेरच्या लहरींना आत येऊ देत नाही.

टीव्हीच्या तारेचा प्रतिबाध सर्वत्र ७५ ओहम ठेवलेला असतो. सांधा सैल असला, की तेथे तो बदलतो; आणि हौदातील लाट भिंतीवर आपटून परतावी, तद्वत् संदेशाचा काही भाग मागे फिरतो. उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो, तेव्हा आवरणास चिरा पडतात. पावसाळ्यात त्यांतून पाणी जाळीत झिरपते, धातू गंजतो, आणि संदेश अधिकच क्षीण होतो.

पूर्वीच्या पद्धतीत संदेश क्षीण झाला तर पडद्यावर मुंग्या येत, पण चित्र ओळखू येई. शहरांतील केबल डिजिटल करण्यास सरकारने ३१ डिसेंबर २०१५ ही मुदत दिली होती. या नव्या पद्धतीत बॉक्स किरकोळ चुका स्वतःच सुधारतो. चुका मर्यादेपलीकडे गेल्या की चित्र एकाएकी फुटते. म्हणून दोष दिसतो आज, पण वाढत असतो कित्येक दिवस.

आता तपासणीचा क्रम सांगतो. प्रथम शेजारी विचारावे. त्यांचेही चित्र तुटत असेल तर दोष बाहेरचा आहे, केबलवाल्यास कळवावे. नंतर बॉक्सचा मेनू पाहावा. मेनू स्वच्छ दिसतो व वाहिन्या मात्र तुटतात, तर संच बहुधा निर्दोष असून बाहेरून येणाऱ्या तारेकडे वळावे.

मग संच व बॉक्स यांचे प्लग काढून ठेवावेत. वाटेत निरुपयोगी स्प्लिटर असल्यास तो काढावा. दोन फाट्यांचा स्प्लिटर प्रत्येक फाट्यास निम्म्याहूनही कमी शक्ती देतो. तारेची पिन सैल असल्यास घट्ट करावी. तांबे काळे-हिरवे पडले असल्यास चकचकीत तांबे लागेपर्यंत तार कापावी व नवी पिन बसवावी. जाळी मागे दुमडावी. तिचा एकही केस मधल्या तारेस लागू देऊ नये, कारण तेवढ्यानेही चित्र समूळ जाते. मधल्या तारेचे टोक पिनेबाहेर सुमारे ३ मिलिमीटर असावे. पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा कधीही ठेवू नये. घरात शिरण्यापूर्वी तारेस खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथेच गळून पडते.

विद्यार्थ्यांनी हे काम वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीच करावे. खांबावर चढू नये. तेथे विजेच्या तारा असतात. विजा चमकत असता गच्चीवर जाऊ नये व केबलला हात लावू नये. तारेस स्पर्श होताच झिणझिण्या आल्या तर काम तत्काळ थांबवून केबलवाल्यास बोलवावे. चित्रापेक्षा जीव मोलाचा.

एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहावा. प्रयोगशाळेत शिकविलेली ही रीत घरी वापरली, तर दोष नेमका कोठे आहे हे कळते आणि संसाराचा नाहक खर्च वाचतो.