एका नावाचे दोन गर्डर : संगणकातील लोखंडी तक्ते कसे सांभाळावेत

आमची हयात कापडाच्या धंद्यात गेली. ताका हातात घेतला की माल कोणता हे बोटांना कळते. तरीही नवा माल आला की आम्ही पन्हा मोजूनच घेतो, कारण एकाच नंबरचा माल दोन गिरण्यांतून दोन पन्ह्यांत येतो. ही सावधगिरी आम्ही लोखंडाच्या बाबतीत पाळली नाही आणि नुकसान सोसले. आज आपली कितीतरी मुले वेल्डिंग व फॅब्रिकेशनच्या कामात आहेत, म्हणून हा धडा लिहीत आहोत.

बीबीला आम्ही गोदामासाठी लोखंडी शेड काढली. नकाशा शहरातून संगणकावर तयार होऊन आला. त्यात १५० मिमीच्या गर्डरची रुंदी ८० मिमी धरली होती. त्याप्रमाणे जोडपट्ट्या कापल्या, भोके पाडली. माल आला तो ७५ मिमी रुंदीचा. पट्ट्या बाहेर डोकावू लागल्या, भोके कडेला गेली. कारागीर म्हणाला, "चाचा, माल खोटा आहे." दुकानदार म्हणाला, "नकाशाच चुकला." दोघेही घरोब्याचे, पण आठ दिवस बोलणे बंद झाले.

दोन तक्ते शेजारी ठेवले तेव्हा उलगडा झाला. भारतीय मानक संस्थेचे पोलादी छेदांचे हस्तपुस्तक १९६४ चे. त्यात १५० च्या गर्डरची रुंदी ८० मिमी व वजन मीटरला १४.९ किलो आहे. आयएस ८०८ या मानकात १९८९ मध्ये सुधारणा झाली. तेथे रुंदी ७५ मिमी व वजन १५ किलो झाले. नाव तेच, माल वेगळा. खोटे कोणीच बोलत नव्हते. नकाशा करणाराच्या संगणकात जुना तक्ता राहिला होता, एवढेच.

हा तक्ता म्हणजे काय, ते समजून घ्या. टेक्ला, स्टॅडसारख्या प्रोग्राममध्ये गर्डर, चॅनेल, अँगल यांच्या मापांचे दप्तर असते. त्याला प्रोफाइल लायब्ररी म्हणतात. आपल्या दुकानातील नमुन्यांचे बाड असते तसेच ते समजा. नकाशा करणारा फक्त नाव निवडतो. उंची, रुंदी, जाडी व वजन संगणक त्या दप्तरातून उचलतो. दप्तरात चूक असेल तर नकाशा, मालाची यादी आणि बिल, तिन्ही ठिकाणी तीच चूक उतरते.

वजनाचा हिशेब पाहा. २०० मिमीचा गर्डर जुन्या तक्त्यात मीटरला २५.४ किलो, १९८९ च्या तक्त्यात २४.२ किलो. कामाला १२० मीटर लागला तर फरक १४४ किलोचा. किलोला ६० रुपये दर धरला तर ८,६४० रुपये झाले. जुन्या यादीवर पैसे घेतले तर गिऱ्हाईक नागवले जाते. उलट झाले तर कारागिराची मजुरी त्यात बुडते. शिवाय गर्डरच्या पाकळीची जाडी १०.८ वरून १० मिमीवर आली आहे, म्हणजे भार पेलण्याची ताकदही कमी धरावी लागते. ही बाब केवळ पैशाची नाही, छपराखाली बसणाऱ्या माणसांच्या जिवाची आहे.

आता कामाच्या गोष्टी सांगतो.

१) नकाशा करणाराला पहिला प्रश्न विचारा : तक्ता कोणत्या सालचा? आयएस ८०८ ची नवी आवृत्ती २०२१ ची आहे. उत्तर नकाशावर लिहून घ्या.

२) मूळ दप्तर एकच ठेवा आणि ते एकाच जबाबदार माणसाच्या हाती द्या. टेक्लामध्ये त्या कामाच्या फोल्डरमध्ये स्वतंत्र दप्तर असेल तर प्रोग्राम आधी तेच वाचतो. जुन्या कामाची नक्कल करून नवे काम सुरू केले की जुनी चूकही सोबत येते.

३) नवा छेद घालताना नावात मानक व साल घाला. नुसते "गर्डर २००" लिहू नका. बाजारातले खास माप असेल तर त्याला वेगळे नाव द्या, जुन्या नावाखाली नवी मापे भरू नका.

४) प्रत्येक बदलाची तारीख वहीत टिपा आणि दप्तराची प्रत वेगळी जपून ठेवा.

५) माल उतरवताना टेप व व्हर्नियर लावा. कापण्यापूर्वी एक मीटर तुकडा काट्यावर ठेवून तक्त्याशी ताडून पाहा. रोलिंगमध्ये थोडा फरक मानकालाही मान्य आहे, पण पाकळीची रुंदी ५ मिमीने कमी निघाली तर आधी तक्ता तपासा.

सूत हा शब्द आपल्या दोन्ही धंद्यांत आहे. कापडवाल्याचे सूत म्हणजे धागा, लोहाराचे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. शब्द एक, अर्थ दोन. बोलण्यापूर्वी कोणते सूत ते ठरवले की भांडण होत नाही. आमच्या शेडचे काम पट्ट्या नव्याने कापून पूर्ण झाले. त्या खर्चाचे तीन वाटे केले, एक आम्ही उचलला. कारागीर व दुकानदार आता पुन्हा एका बाकावर चहा घेतात. तक्ता आधी विचारला असता तर एवढे घडलेच नसते.