परदेशी शिक्षण आणि इंग्रजीची कसोटी

ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आदी देशांतील महाविद्यालयांत प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास आपल्या इंग्रजीचा पुरावा बहुधा द्यावा लागतो. १९६४ साली अमेरिकेत सुरू झालेली टोफेल व १९८९ पासून घेतली जाणारी आयईएलटीएस या त्यासाठीच्या परिचित परीक्षा होत.

आयईएलटीएसमध्ये उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकालच नसतो. ० ते ९ यांमधील श्रेणी मिळते आणि किती श्रेणी पुरेशी, हे महाविद्यालय ठरविते. पालकांची गफलत होते ती येथेच. श्रवणात ७.५, वाचनात ७, लेखनात ५.५ व संभाषणात ६.५ मिळविणाऱ्याची एकूण श्रेणी ६.५ होते. परंतु ‘एकूण ६.५, मात्र कोणत्याही विभागात ६ हून कमी नको’ अशी अट असल्यास तोच विद्यार्थी अपात्र ठरतो. अटीचा हा उत्तरार्ध वाचल्याविना परीक्षेचे शुल्क भरू नये.

लेखनास एक तास असतो. त्यात किमान १५० व किमान २५० शब्दांची दोन उत्तरे लिहावयाची असून दुसऱ्यास दुप्पट महत्त्व असते. पाठ केलेले निबंध येथे कामास येत नाहीत. उलट गुण घटतात. मराठी माध्यमाच्या मुलांस धास्ती वाटते ती उच्चारांची. वस्तुतः मराठी वळण हा दोष धरला जात नाही, बोलणे स्पष्ट समजले म्हणजे झाले. शिक्षकांनी आपला वेळ लेखनाच्या सरावास द्यावा, हे बरे.

निकाल साधारणतः दोन वर्षे ग्राह्य धरतात. भारतात परीक्षेस बसताना पारपत्र लागते. ते नसल्यास प्रथम त्यासाठी अर्ज करावा.